एक किलो पावडर, सत्तावीस लिटर पाणी: काँक्रीटच्या आतल्या क्युरिंगचा हिशेब

पुण्यात मार्च लागला की टँकरचे भाव चढतात आणि त्याच सुमाराला ‘आता स्लॅबवर पाणी मारायची गरजच नाही’ असं सांगणारे विक्रेते साइटवर फिरायला लागतात. हातात पांढऱ्या पावडरची पुडी, एक कागदी कप, पाण्याची बाटली. कपात चमचाभर पावडर टाकायची, वर पाणी ओतायचं, थोडं थांबून कप उलटा करायचा. एक थेंब सांडत नाही. बघणारे खूश. ही पावडर म्हणजे सुपर ॲब्सॉर्बंट पॉलिमर, आपल्या बोलण्यात एसएपी. पावडर खरी आहे, प्रयोगही खरा आहे. पाणी मारायची गरज नाही हे तेवढं खरं नाही, आणि ते का, हे कळलं की एसएपी कुठे वापरायचं आणि कुठे पैसे वाचवायचे हेही आपोआप कळतं.

काँक्रीट ताकद धरेपर्यंत ते ओलं ठेवणं म्हणजे क्युरिंग. काँक्रीट दोन बाजूंनी कोरडं पडतं. एक बाहेरून: ऊन, वारा, एप्रिलातली चाळिशीला टेकलेली कोरडी दुपार. हे सगळ्यांना दिसतं. दुसरं आतून, आणि ते दिसत नाही. सिमेंट आणि पाणी यांची प्रक्रिया होऊन जे तयार होतं त्याचं घनफळ मूळच्या सिमेंट-पाण्यापेक्षा कमी भरतं. १०० ग्रॅम सिमेंटची पूर्ण प्रक्रिया झाली तर साधारण ६.४ मिलिलिटरची तूट पडते. माल ओला असेपर्यंत सगळा मालच तेवढा खाली बसतो. पण एकदा सेट झाला की सांगाडा ताठ होतो, तूट मग आतल्या छिद्रांत पोकळीच्या रूपानं निघते. छिद्रं अर्धी रिकामी होतात, उरलेल्या पाण्याला ताण येतो आणि तो ताण भोवतालच्या सांगाड्याला आत ओढतो. यालाच ऑटोजीनस श्रिंकेज म्हणतात. प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळलेल्या, एक थेंबही बाहेर न गेलेल्या काँक्रीटमध्येसुद्धा हे होतं. सिलिका फ्यूम (सिमेंटहून कितीतरी बारीक भुकटी) घातलेल्या, पाणी-सिमेंट गुणोत्तर, म्हणजे सिमेंटच्या वजनाच्या किती पट पाणी, ते ०.३० असलेल्या मालात आतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या खाली गेल्याचं मोजलं गेलंय.

आता सिमेंटचा संशोधक पॉवर्स याचा जुना हिशेब. सिमेंट पूर्ण वापरलं जायचं तर वजनाच्या ०.२३ पट पाणी रासायनिक रीतीनं बांधलं जातं आणि ०.१९ पट प्रक्रियेतून तयार होणाऱ्या सिमेंटच्या जेलच्या छिद्रांत अडकतं. मिळून ०.४२. म्हणजे पाणी-सिमेंट गुणोत्तर ०.४२ च्या वर असेल तर मालात पाणी पुरेसं आहे, फक्त ते उडून जाऊ द्यायचं नाही. बंगल्याचा एम-२५ (‘एम’पुढचा आकडा म्हणजे काँक्रीटची ताकद) स्लॅब ०.४५ ते ०.५० वर होतो. त्याला आतून तहान लागतच नाही. त्याला हवं असतं ते वरून झाकण: गोणपाट, आळी करून साठवलेलं पाणी, नाहीतर क्युरिंग कंपाउंड, म्हणजे पाणी उडू न देणारा फवारलेला थर. तिथे एसएपी घालणं म्हणजे नसलेल्या आजारावर औषध. उलट पावडरच्या भरवशावर वॉचमन पाणी मारायचा थांबला तर वरचा इंचभर थर कच्चा राहील, आणि सळईचं रक्षण करायचं काम नेमकं त्याच थराकडे असतं.

०.४२ च्या खाली मात्र गणित बदलतं. एम-५० च्या पुढे आपण ०.३५, ०.३०, कधी त्याहूनही खाली उतरतो. आतलं पाणी अपुरं, आणि बाहेरून मारलेलं आत पोचत नाही. छिद्रांची सलग साखळी तुटायला ०.४० गुणोत्तराला सुमारे ३ दिवस लागतात, ०.४५ ला ७ दिवस, ०.५० ला १४ दिवस. हे आकडेही पॉवर्स आणि त्याच्या सहकाऱ्यांचेच, १९५९ चे. ०.३० ला त्याहूनही लवकर दार बंद होतं. मग ३०० मिलिमीटर जाडीच्या कोअर वॉलवर (उंच इमारतीत लिफ्ट-जिन्याभोवती असते त्या भिंतीवर) दोन आठवडे पाइप धरला तरी भिजते ती कातडी. पोट कोरडंच. म्हणून पाणी आधीच आत ठेवायचं, सगळीकडे सारखं विखुरलेलं, आणि ते सेट झाल्यानंतर हळूहळू सुटलं पाहिजे. ओले येन्सन आणि हान्सन यांनी २००१ आणि २००२ साली हे एसएपीनं कसं करायचं ते मांडलं. २००६ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या वेळी जर्मनीत कायझरस्लाउटर्नला एक पातळ पॅव्हिलियन याच पद्धतीच्या काँक्रीटनं उभा राहिला. तेव्हा ही कल्पना नवीन वगैरे नाही.

किती पाणी, किती पावडर

नियम सोपा आहे. गुणोत्तर ०.३६ किंवा त्याखाली असेल तर आतल्या क्युरिंगचं पाणी म्हणजे गुणोत्तराच्या ०.१८ पट, दर किलो सिमेंटमागे. ०.३६ ते ०.४२ च्या मध्ये असेल तर ०.४२ वजा गुणोत्तर. ०.४० ला फक्त ०.०२ येतं, म्हणजे तिथे गरज आहे पण बेताची.

एक मिक्स धरू. एम-६०, घनमीटरला ५३ ग्रेडचं ओपीसी (साधं पोर्टलँड सिमेंट) ४०० किलो, फ्लाय ॲश (दगडी कोळशाची राख) ८०, सिलिका फ्यूम २०, मिळून बाइंडर, म्हणजे माल बांधून ठेवणारा सगळा भाग, ५०० किलो. पाणी १५० लिटर, गुणोत्तर ०.३०. आतलं पाणी ०.१८ गुणिले ०.३०, म्हणजे किलोमागे ०.०५४, म्हणजे ५०० किलोला २७ लिटर. पॉवर्सचं सूत्र निव्वळ सिमेंटसाठी आहे. सिलिका फ्यूम आणि फ्लाय ॲश यांची घनफळातली तूट सिमेंटपेक्षा जास्त असते, पण फ्लाय ॲश सावकाश काम करते. चाचणी मिक्सला २७ वरून सुरुवात करावी, सिलिका फ्यूम वाढला तर ३० पर्यंत जावं.

पावडर एका ग्रॅमला २५ ग्रॅम पाणी धरत असेल तर २७,००० भागिले २५, म्हणजे १,०८० ग्रॅम. घनमीटरला एक किलो ऐंशी ग्रॅम, बाइंडरच्या ०.२२ टक्के. साधारणपणे ०.२ ते ०.६ टक्क्यांच्या पट्ट्यातच काम होतं. त्याच्या पुढे कोणी सांगत असेल तर एक तर पावडर कमी शोषणारी आहे नाहीतर हिशेब चुकलाय.

आता बहुतेक ठिकाणी विसरली जाणारी गोष्ट. हे २७ लिटर १५० च्या वर घालायचे आहेत, १५० मधून काढायचे नाहीत. एकूण पाणी १७७ लिटर. ते जागा व्यापतं. पावडर धरून जवळजवळ २८ लिटर. डिझाइनमधून तेवढं घनफळ कमी केलं नाही तर घनमीटर १ चा १.०२८ होतो आणि सिमेंट तेवढं पातळ पडतं. २८ लिटर क्रश सँडमधून (दगड फोडून केलेल्या वाळूतून) कमी करायचे. विशिष्ट गुरुत्व २.७५ धरलं तर ७७ किलो. आपली बेसॉल्टची क्रश सँड बारीक कणांनी भरलेली असते, त्यामुळे थोडी वाळू कमी झाली तरी माल पंपाला कुरकुरत नाही. सगळी कपात १० एमएम खडीतून केली तर मात्र चिकटपणा वाढतो.

२५ हा आकडा कुठून आणायचा

कंपनीच्या पत्रकावरून तर नक्कीच नाही. तिथे ‘स्वतःच्या वजनाच्या ३०० पट’ वगैरे लिहिलेलं असतं, आणि डिस्टिल्ड पाण्यात ते खरंही असतं. पण सिमेंटचं पाणी म्हणजे चुना आणि अल्कली यांचं तीव्र द्रावण. पॉलिमरच्या साखळीवर ऋण भार असतो, दोन साखळ्या एकमेकींना ढकलतात म्हणून जेल फुगतं. द्रावणात आयन वाढले की ढकलणं कमी होतं, आणि कॅल्शियम तर दोन साखळ्यांना चक्क एकत्र बांधून टाकतो. ३०० चे १० ते ४० होतात. कपवाल्या विक्रेत्याला एवढंच सांगायचं: हाच प्रयोग सिमेंटच्या गाळलेल्या पाण्यात करून दाखवा.

स्वतः मोजायचं तर चहाच्या रिकाम्या पिशव्या, ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा आणि एक झाकणाची बरणी पुरते. प्लँटवर जे पाणी वापरलं जातं तेच ५०० ग्रॅम घ्यायचं, त्यात जे सिमेंट वापरणार तेच १०० ग्रॅम, मधूनमधून ढवळत काही तास झाकून ठेवायचं आणि फिल्टर पेपरमधून गाळायचं. उघडं राहिलं तर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनं वर साय धरते आणि कॅल्शियम कमी होतो, आकडा फसवा येतो. पिशवीत ०.२० ग्रॅम पावडर, तोंड बंद, २०० मिलिलिटर द्रावणात बुडवायची. १, ५, १०, ३०, ६० मिनिटं आणि ३ तास, प्रत्येक वेळी बाहेर काढून कोरड्या कापडावर हलकेच टेकवायची आणि वजन करायचं. पिळायची नाही. सोबत एक रिकामी पिशवी तशीच भिजवून तिचं वजन घ्यायचं.

समजा १० मिनिटांनी भरलेली पिशवी ६.७० ग्रॅम भरली, रिकामी ओली पिशवी १.१० ग्रॅम. ६.७० वजा १.१० वजा ०.२० म्हणजे ५.४०. भागिले ०.२०, उत्तर २७. यात दाण्यांच्या फटीत अडकलेलं पाणीही मोजलं जातं, म्हणून खरा आकडा थोडा कमी धरायचा. २७ चे २५, तिथूनच वरचा हिशेब आला.

एका आकड्यापेक्षा सहा आकड्यांची चाल जास्त बोलते. ५ मिनिटांना ३०, तासाला १८, तीन तासांना १२ असं घसरत गेलं तर ती पावडर निकामी समजा. ती माल सेट होण्याआधीच पाणी सोडतेय आणि ते पाणी सरळ मिक्सिंगचं पाणी होऊन बसतंय. लहान मुलांच्या डायपरमधलं सोडियम पॉलिॲक्रिलेट बहुधा असंच वागतं; त्याच्या साखळीवर भार दाट असतो, कॅल्शियम त्याला पटकन आवळतो. काँक्रीटसाठीच्या पावडरीत ॲक्रिलामाइड मिसळून भार विरळ केलेला असतो, म्हणून ती तासन्‌तास धरून ठेवते. डाळिंबाच्या बागेत मुळाशी घालायचं हायड्रोजेल कृषी केंद्रात सहज मिळतं म्हणून ते वापरायचा विचार पुष्कळांच्या डोक्यात येतो. ते दाणे मोठे असतात, फुगल्यावर वाटाण्याएवढे होणारेही मिळतात, आणि पाणी सोडल्यावर तेवढंच भोक मागे राहतं. आपल्याला कोरडा दाणा साधारण १०० ते २०० मायक्रॉनचा हवा, म्हणजे फुगूनही तो अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासच राहतो आणि भोवतालच्या सगळ्या पेस्टपर्यंत त्याचं पाणी पोचतं. त्याहून फार बारीक पीठ असेल तर पाणी धरणारा गाभाच उरत नाही.

हा आकडा चुकला तर काय होतं ते वरच्याच मिक्सवर बघा. पावडर २५ ऐवजी १२ च धरते. १.०८ किलोनं १३ लिटर धरलं, उरलेले १४ लिटर मोकळे. गुणोत्तर १६४ भागिले ५००, म्हणजे ०.३० चं ०.३२८ झालं. स्लम्प (ओला माल किती खाली बसतो ते माप) छान दिसेल, सगळे खूश होतील आणि २८ दिवसांच्या क्यूबला (ताकद तपासायला फोडतात त्या ठोकळ्याला) कारण शोधत बसतील. उलट ३५ धरत असेल तर ती आपल्या वाट्याच्या २७ वर आणखी ११ लिटर ओढून घेते, गुणोत्तर ०.२८ ला येतं, माल पंपाच्या हॉपरमध्येच आखडतो आणि मग कोणीतरी ट्रान्झिट मिक्सरमध्ये पाण्याचा पाइप सोडतो. दुसरा प्रकार जास्त धोक्याचा, कारण त्या पाइपच्या पाण्याचा हिशेब कोणीच ठेवत नाही.

म्हणून शेवटचा निवाडा स्लम्पचा. आधी पावडरशिवाय १५० लिटरवर मिक्स करून १५ मिनिटांचा स्लम्प घ्यायचा. मग पावडर आणि २७ लिटर घालून तेवढ्याच वेळानं घ्यायचा. दोन्ही जुळले तर २५ बरोबर. दुसरा वाढला तर पावडर कमी धरतेय, उतरला तर जास्त. पावडरचं वजन बदलून जुळवायचं, पाणी किंवा ॲडमिक्श्चर (माल प्रवाही करणारं रसायन) बदलून नाही. नाहीतर काय जुळलं तेच कळत नाही. मिक्स केल्यावर ताबडतोब घेतलेल्या स्लम्पला अर्थ नाही, पावडर अजून पीतच असते.

प्लँटवर

पावडर आधी भिजवून टाकू नये. साबुदाण्यावर एकदम पाणी ओतलं की गोळा होतो तसंच इथे होतं: बाहेरचे दाणे फुगून एकमेकांना चिकटतात, आतले कोरडेच राहतात. ती कोरडीच, कोरड्या मालात जायला हवी. खडी, वाळू, सिमेंट, फ्लाय ॲश आणि त्याबरोबर पावडर. २० ते ३० सेकंद कोरडं फिरवायचं. मग ७० ते ८० टक्के पाणी, उरलेल्या पाण्याबरोबर पीसीई जातीचं ॲडमिक्श्चर, आणि नेहमीपेक्षा मिनिटभर जास्त मिक्सिंग.

पावसाळ्यात यात एक खाच आहे. उघड्या ढिगातली क्रश सँड तेव्हा चांगली पाच-सहा टक्के ओली असते. वाळूच्या पट्ट्यावर पावडर टाकली तर ती वाळूच्याच साध्या पाण्यात, सिमेंट भेटायच्या आधीच, कित्येक पट फुगून गाठी धरते. त्या दिवसांत पावडर सिमेंट पडल्यानंतर मिक्सरच्या तोंडातून द्यायची. शंका आली तर मिक्सरमधून दोन किलो माल काढून २.३६ एमएमच्या चाळणीवर पाण्यानं धुवायचा. चाळणीवर खडीबरोबर पारदर्शक, बुळबुळीत गाठी दिसल्या तर तो बॅच कोअर वॉलला पाठवू नका. नीट मिसळलेल्या मालात दाणे चाळणीतून निघून जातात, काही दिसत नाही.

एका घनमीटरच्या बॅचला १.०८ किलोचं एक पाकीट, असं आधीच वजन करून भरून ठेवलेलं बरं. सहा घनमीटरच्या ट्रान्झिट मिक्सरला सहा पाकिटं लागतात आणि रिकामी पाकिटं मोजली की हिशेब लागतो. साइटवर पोचलेल्या गाडीच्या तोंडातून पावडर ओतणं टाळा. ड्रम माल हलवतो, एवढ्या बारीक पावडरीला सारखं पसरवायची ताकद त्यात नसते. आणि ती ॲडमिक्श्चरच्या टाकीत कधीही टाकू नका. पाइप, पंप, मीटर, सगळं जेलनं बंद पडतं.

साठवणीचं थोडक्यात. पिशवी उघडली की आतली प्लॅस्टिकची पिशवी पुन्हा बांधायची. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत उघडी पोती ढेकळं धरतात. हाताळताना मास्क हवा, धूळ बारीक असते. ओल्या फरशीवर सांडली तर तिच्यावरून माणूस घसरलाच म्हणून समजा. पाण्यानं धुवायला जाल तर आणखी फुगेल. जाडं मीठ पसरा, जेल पाणी सोडून बसतं, मग खोऱ्यानं ओढून घ्या.

ओतताना आणि नंतर

नीडल (व्हायब्रेटर) नेहमीसारखीच चालवायची, पण एकाच जागी धरून बसायचं नाही. फुगलेलं जेल पाण्याइतकंच हलकं असतं, जास्त व्हायब्रेशननं वर येतं. फरशीच्या पृष्ठभागावर असे दाणे आले की पॉवर ट्रॉवेलखाली बारीक खड्डे उरतात. म्हणून चाकणकडच्या कारखान्यांच्या फ्लोअरला हे वापरावं का, असं कोणी विचारलं तर माझं उत्तर बहुतेक वेळा नाही असंच असतं. त्यात ट्रिमिक्स असेल तर नक्कीच नाही. व्हॅक्यूमनं मोकळं पाणी खेचून काढायचं, आणि त्याच स्लॅबमध्ये वेगळं पाणी साठवून ठेवायचं, मग शेवटी गुणोत्तर किती राहिलं हे कोण सांगणार?

जिथे याचा खरा उपयोग आहे त्या जागा थोड्या आहेत: उंच इमारतींच्या कोअर वॉल, एम-६० च्या वरचे कॉलम, पातळ प्रीकास्ट पॅनेल, जुन्या कॉलमच्या जॅकेटिंगचं (भोवती नवा थर चढवायचं) मायक्रोकाँक्रीट, यूएचपीसी (अति-उच्च ताकदीचं काँक्रीट). जॅकेटिंगचं उदाहरण तर फार बोलकं आहे. ७५ एमएमचा नवा थर, गुणोत्तर कमी, आणि आत जुनं काँक्रीट त्याला चारी बाजूंनी धरून बसलेलं. आक्रसायला जागाच नाही. काँक्रीट १०० ते १५० मायक्रोस्ट्रेनची (मीटरला ०.१० ते ०.१५ मिलिमीटरची) ओढ सोसतं, ऑटोजीनस श्रिंकेज तेवढं सहज भरू शकतं. ताणाखाली काँक्रीट हळूहळू सैल पडत जातं (क्रीप), त्यामुळे थोडा ताण सुटतो, पण तेवढ्यावर विसंबता येत नाही. मात्र बाजारातल्या तयार मायक्रोकाँक्रीटच्या बॅगमध्ये वरून पावडर घालू नका. त्यात विस्तारणारं द्रव्य आणि त्याचं पाणी आधीच बेतलेलं असतं.

राफ्टवर (इमारतीखालच्या सलग पायाच्या स्लॅबवर) उभ्या केलेल्या लांब भिंतीला ठरावीक अंतरानं उभ्या भेगा पडतात. तिथे लगेच ‘आतून सुकलं’ म्हणायची घाई नको. जाड भिंतीत सिमेंटची उष्णता उतरताना होणारं आकुंचनही तेवढंच, बऱ्याचदा त्याहून मोठं दोषी असतं आणि एसएपी त्याला हातही लावू शकत नाही. तिथे उपाय फ्लाय ॲश वाढवणं, माल गार ओतणं, शटर उशिरा खोलणं, सांधे जवळ घेणं. भेग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, तापमान उतरताना पडली की महिनाभरानं, एवढं जरी लिहून ठेवलं तरी अर्धं निदान होतं.

बाहेरचं क्युरिंग एसएपी घातल्यावरही करायचंच. काँक्रीटच्या भारतीय मानकात, आयएस ४५६:२००० मध्ये, ओपीसीला किमान ७ दिवस आणि फ्लाय ॲश किंवा ब्लेंडेड सिमेंट असेल, तसंच हवा कोरडी-उष्ण असेल तर किमान १० दिवस ओलं ठेवायला सांगितलंय. पावडर घातली म्हणून त्यात सूट नाही. तांत्रिक कारणही आहे: पृष्ठभागाजवळच्या दाण्यांचं पाणी उन्हानं ओढून नेलं तर ते सिमेंटपर्यंत पोचणार कसं? उभ्या भिंतीला शटर खोलल्याबरोबर क्युरिंग कंपाउंडचा हात किंवा ओलं गोणपाट आणि वर प्लॅस्टिक. स्लॅब असेल आणि महिना एप्रिल असेल तर ओतल्यापासून पहिल्या दोन तासांतच प्लॅस्टिक टाकायला हवं. बाष्पीभवन तासाला चौरस मीटरमागे १ किलोच्या आसपास गेलं की ओल्या मालालाच भेगा पडतात. एसएपी तिथे थोडी मदत करतं, पण भरवसा प्लॅस्टिकवरच ठेवा.

पर्याय म्हणून भिजवलेली हलकी खडी वापरतात; अमेरिकेत तोच रिवाज आहे आणि अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटचा (एसीआय) त्यावर वेगळा अहवाल आहे. आपल्याकडे विटांच्या चुऱ्यावर पुष्कळ प्रयोग होतात. चुरा १५ टक्के पाणी धरतो म्हटलं तर २७ लिटरला १८० किलो चुरा लागेल. एम-६० मध्ये एवढा नरम माल घालायचा म्हणजे ताकदीशी तडजोड. पॉलिएथिलीन ग्लायकॉल घालून केलेल्या ‘सेल्फ क्युरिंग’ काँक्रीटवर इंजिनिअरिंगच्या मुलांचे प्रकल्प दरवर्षी होतात. ते काम वेगळं आहे. ग्लायकॉल पाण्याचं उडणं कमी करतो, आत पाण्याचा साठा करत नाही. दोन्हींना एकच नाव दिल्यानं कोटेशनमध्ये घोळ होतो, तेव्हा घेताना नेमकं रसायन विचारा.

ताकदीबद्दल. जेलनं पाणी सोडलं की त्याच्या जागी पोकळी राहते. आपल्या मिक्समध्ये ती २.७ टक्के. दर टक्का हवेमागे ताकद साधारण ५ टक्के उतरते हा नेहमीचा अंदाज इथेही लावला तर १३ टक्क्यांची भीती वाटते. पण आत जास्त सिमेंट वापरलं गेल्यानं त्यातलं बरंचसं भरून निघतं. ७ दिवसांचा क्यूब कमी येणं अपेक्षित आहे, त्यावरून घाबरून गाडी परत पाठवू नका. २८ आणि ५६ दिवसांना फरक बुजत जातो. घसरण त्यानंतरही राहिली तर पावडर कमी पाणी धरतेय, नाहीतर गाठी झाल्यात.

आणि क्यूब टाकीत बुडवून ठेवले तर ही तुलनाच होत नाही. १५० एमएमचा क्यूब चारी बाजूंनी पाण्यात, बाहेरून मिळेल तेवढं पितो. साधा आणि एसएपीचा दोन्ही सारखेच दिसतात, उलट पोकळीमुळे एसएपीचाच कमी भरतो. आयएस ५१६ प्रमाणे टाकीतले क्यूब स्वीकृतीसाठी ठेवाच, पण जोडीला तीन-तीन क्यूब साच्यातून काढताच प्लॅस्टिकच्या दोन थरांत टेपनं बंद करून, वजन लिहून सावलीत ठेवा. फोडायच्या दिवशी परत वजन करा. उतरलं असेल तर बांधणी गळकी होती, तो क्यूब तुलनेतून बाद. अडचण एवढीच की ५६ दिवसांचे क्यूब ओतायच्या दिवशीच जास्तीचे भरून, त्यावर तारीख आणि ‘फोडू नये’ असं ठळक लिहून ठेवावं लागतं, नाहीतर लॅबचा पोऱ्या २८ व्या दिवशी सगळेच फोडून मोकळा होतो.